हाडवैद्यानं विचारलं होतं

कुणाची कंबर धरली, मान अवघडली आणि घरातलं कुणी म्हणालं की "अमक्याकडे नेऊ, एका झटक्यात बसवतो," की मी मध्ये पडते. आमच्या गल्लीतल्या बायकांना हे माहीत झालंय, म्हणून त्या माझ्यासमोर हाडवैद्याचा विषयच काढत नाहीत. काढला तर मी वर्गात उलटतपासणी घ्यावी तशी सुरू होते. संध्याकाळी अंग तापतं का? वजन उतरलंय का? पाय जड पडतात का? लघवीला काही अडचण? आणि हे सगळं त्याला सांगणार आहात का, की तिथं गेल्यावर सासूबाई उत्तरं देणार आहेत?

"बाई, तुमचा गावठी उपचारांवर विश्वास दिसत नाही," असं एकदा एकजण म्हणाली.  विश्वास-अविश्वासाची गोष्टच नव्हती. माझ्या आयुष्यात मी एकच हाडवैद्य जवळून पाहिला आणि त्या दिवशी त्या अंगणात आमच्यापेक्षा शहाणा तोच होता. तरी त्याच्या हातून माझ्या बहिणीची पाठ गेली. ती कशी गेली ते सांगते.

आम्ही दोघी बहिणी जळगावच्या. वडील एका मारवाडी पेढीवर कारकून. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मला सायकल तिनंच शिकवली, तीही वडिलांना न सांगता. नळ गेला की विहिरीवरून एका डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन यायची, आणि वर मला हाक मारून म्हणायची, "दार उघड ना गं, की तेही मीच उघडू?" अशी दांडगी मुलगी. तिला यावलकडच्या केळीच्या बागाईतदारांच्या घरात दिलं. घर मोठं, माणसं राबणारी, खाऊनपिऊन सुखी. आम्हाला स्थळ वरचढच होतं, आणि आमच्या वडिलांनी ते शेवटपर्यंत विसरू दिलं नाही; स्वतःलाही नाही, आम्हालाही नाही.

पासष्ट सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिकत. अक्काला एक मुलगा होता चार वर्षांचा, आणि धाकटी मुलगी नुकती चालायला लागली होती. मी एकोणीस वर्षांची, जळगावातच मास्तरकीचं शिक्षण घेत होते. त्या हिवाळ्यात अक्का चार दिवस माहेरी आली. आल्या दिवशीच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जेवताना तिच्या हातातली वाटी खाली पडली. ती वाकली नाही. पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसली, वाटी उचलली, आणि मांड्यांवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच पायांवर चढल्यासारखी वर उठली. चोवीस वर्षांची बाई.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"कंबर धरलीय. बाळंतपणापासून असंच आहे. दुखतं, राहतं."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ती भिंतीला टेकून बसली होती. मी सहज तिच्या कपाळावर हात ठेवला. अंग चांगलंच तापलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी मात्र काही नाही. आईनं तिच्या पोलक्याची बाही चिमटीत धरून पाहिली. लग्नात दंडाला काचणारी बाही आता दोन बोटं ढिली झाली होती.

आई तिला घेऊन एका डॉक्टरांकडे गेली. मीही गेले. डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, एका ठिकाणी थांबले, ताप कधीपासून ते विचारलं, खोकला विचारला. मग म्हणाले, "मणक्याचा फोटो काढून आणा. तोपर्यंत पाठीला काही करू नका. चोळू नका, दाबू नका." आईनं घाबरून विचारलं, "काय असेल हो?" ते म्हणाले, "फोटो पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण उशीर करू नका."

फोटो आम्हीच काढायला हवा होता, त्याच दिवशी. आई तयार होती. वडील म्हणाले, "मुलगी त्यांची आहे आता. त्यांना विचारल्याशिवाय आपण असलं काही करायचं नाही. उद्या काही निघालं तर म्हणतील, माहेरूनच घेऊन आली होती." त्यांच्या बोलण्यातला अर्थ आम्हा तिघींनाही कळला. क्षय हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. शेजारच्या घरात असला तरी 'ते दुखणं' म्हणायचे. वडिलांनी यावलला पत्र टाकलं. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, दोन दिवसांनी येऊन तिला घेऊन गेले. फोटोचं बघतो म्हणाले.

तिकडे फोटोचं कुणी पाहिलं नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. अक्काच्या नणंदेचं एदलाबादच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलाकडची नातीगोती जळगावभर पसरलेली. फोटो काढायच्या ठिकाणी कुणी बघितलं, कुणी कागद वाचला, तर घरात 'ते दुखणं' आहे म्हणून लग्न मोडेल, ही अक्काच्या सासूबाईंना धास्ती. त्यांना मी दुष्ट बाई म्हणणार नाही. त्या अक्काला शिळं वाढत नव्हत्या, मारत नव्हत्या. त्यांना एक मुलगी उजवायची होती, एवढंच. पण ते एवढंच आमच्या अक्काला पुरलं.

असे तीनेक महिने गेले. मग त्यांनी हाडवैद्याचं काढलं. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका खेड्यात एक म्हातारे होते. सगळे त्यांना नाना म्हणत. पंचक्रोशीत कुणाचा हात मोडो, खांदा निखळो, बैलानं फेकलेलं माणूस असो, त्यांच्याकडे न्यायचं. अक्कानं मला निरोप धाडला, "तुला सुट्टी असेल तर ये, मला एकटीला भीती वाटते." मी गेले. यावलहून एसटीनं चोपडा, तिथून बैलगाडी. आम्ही चौघं: अक्का, तिच्या सासूबाई, भाऊजी आणि मी.

गाडीत सासूबाई आम्हा दोघींना म्हणाल्या, "तिठी गेल्यावर ताप-गिपाचं काही बोलू नका. कंबर दुखते, तेवढंच सांगायचं. तिठी चार गावचे लोक बसेल असतात."

अक्का बाहेर शेताकडे पाहत होती. भाऊजी बैलांकडे. मी "बरं" म्हणाले. एकच शब्द. तो मी म्हणाले हे मला नीट आठवतं.

नानांचं अंगण मोठं होतं, शेणानं सारवलेलं. कडूनिंबाखाली एक जाड फळी दोन दगडांवर ठेवलेली. तिच्याजवळ तेलाची वाटी, बांबूच्या कामट्या, चिंध्यांच्या गुंडाळ्या. पंधरा-वीस माणसं बसली होती. मी असल्या ठिकाणाबद्दल जे ऐकलं होतं तसं तिथं काही नव्हतं. अंगात येणं नाही, अंगारा नाही, लिंबू नाही. धोतर आणि बंडी घातलेला एक काटकुळा म्हातारा एकेकाला जवळ बोलवत होता, विचारत होता, बोटांनी चाचपत होता. बोटं लांब, गाठाळ, आणि विलक्षण हळू. एका पैलवानाचा खांदा निखळला होता. त्याच्याशी गप्पा मारता मारता नानांनी तो बसवला. पैलवानाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्याला म्हणाले, महिनाभर आखाडा नाही, आणि आज दुखेल, उद्या जास्त दुखेल, परवा कमी झालं नाही तर परत ये.

आमच्या आधी एक माणूस होता. त्याला त्याच्या भावांनी खाटेवर आणलं होतं, आंब्यावरून पडलेला. नानांनी त्याच्या पायांच्या तळव्यांना काडीनं टोचलं. त्याला काही कळलं नाही. नाना लगेच मागे सरले.

"हाई मना हातनं काम नही," ते म्हणाले. "याले हालाडू नका. धुयाले लई जा."

भाऊ हाता-पाया पडले. म्हणाले, तुम्हीच काय ते करा, धुळ्याला आमचं कोण आहे? नाना ऐकेनात. "मी हात लावसू ते मरी जाई," म्हणाले. भाऊ चिडून, त्यांना बोल लावत खाट उचलून गेले. अंगणातल्या लोकांतही कुजबुज झाली. नानांनी ती ऐकली. माझं लक्ष होतं त्यांच्या चेहऱ्याकडे. त्यांना ते लागलं होतं.

मग आमचा नंबर. अक्का फळीवर बसली. नाना तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आधी सगळ्यांना सांगत असतील तेच त्यांनी सांगितलं.

"माले बठ्ठं सांगा. लपाडशात ते नुसकान तुमनंच शे." मला सगळं सांगा, लपवाल तर नुकसान तुमचंच आहे. आणि मग अक्काकडे बघून, "काय दुखस, बेटी? कव्हापासून?"

"कंबर. वर्षाच्या वर झालं."

"सांजले ताप येस का?"

अक्कानं मान वर केली. ती सासूबाईंकडे पाहील असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही, नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिले ताप-गिप काही नाही. विहिरीवर घसरली व्हती. तव्हापासून कंबर दुखते."

विहिरीवर ती कधी घसरली नव्हती. हे ऐकून मी चकित झाले. इतकं सफाईदार खोटं मला सुचलं नसतं.

"पडनी व्हती?" नानांनी अक्कालाच विचारलं.

"हो," अक्का म्हणाली.

"रातले घाम? अंग उतरनं का? पायले मुंग्या येतस का?"

"नाही," अक्का म्हणाली. "नाही. नाही."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तीन संध्याकाळी मी तिच्या कपाळावर हात ठेवला होता. डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं: चोळू नका, दाबू नका. मला बोलायला अडवणारं तिथं कुणी नव्हतं. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. पण मला वाटलं, आपण मध्येच बोललो तर अक्काला घरी गेल्यावर ऐकून घ्यावं लागेल. आणि वाटलं, तापाचा आणि कमरेचा काय संबंध? हे दुसरं वाटणं मी सोयीसाठी वाटून घेतलं, हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत. त्या दिवशीच कळत होतं.

नानांनी पाठीवरून बोटं फिरवली. कमरेच्या जरा वर एका ठिकाणी बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा तिथंच आली. डॉक्टरांचा हात थांबला होता तीच जागा. त्यांनी पुन्हा विचारलं, "खरंच पडनी व्हती ना?" सासूबाई म्हणाल्या, "मी खोटं बोलन का?"

त्या दिवशी त्यांनी फक्त हलक्या हातानं तेल लावलं, पट्टा बांधला. पंधरा दिवस फळीवर निजायचं, ओझं उचलायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, असं बजावून परत यायला सांगितलं. भाऊजींना उद्देशून मोठ्यानं सांगितलं, म्हणजे त्यांना अंदाज असावा की घरी काय होणार.

घरी तेच झालं. केळीचा हंगाम होता. बागेतल्या माणसांच्या भाकरी होत्या. फळीवर निजायला रात्र होती, दिवस नव्हता. पट्टा मात्र अक्कानं सोडला नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. निघायच्या सकाळी अक्का ओसरीवर बसून पायाकडे पाहत होती. मला हळूच म्हणाली, "काल बागेत चालताना चप्पल पायातून निघून गेली. मला कळलंच नाही. मागून मुलगा चप्पल घेऊन आला तेव्हा पाहिलं, तर मी एका पायानं अनवाणी."

"हे नानांना सांग," मी म्हणाले.

"तूच सांग ना," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं.

त्या दिवशी नानांच्या अंगणात अजून गर्दी होती. आमच्याआधी आलेल्या एका बाईलाही त्यांनी परत पाठवलं होतं आणि लोकांत पुटपुट चालली होती, म्हाताऱ्याचा हात आता चालत नाही म्हणून. नानांनी अक्काला तेच सगळे प्रश्न परत विचारले. अक्कानं तीच उत्तरं परत दिली. सासूबाई म्हणाल्या, "नाना, नुसतं तेल लावून काय व्हते? तुम्ही बसवून टाका ना हाड. आम्ही काय रोज रोज येऊ शकतो?" मागे कुणीतरी दुजोरा दिला.

नानांनी तिला फळीवर पालथं घातलं. भाऊजींना पाय धरायला सांगितले. एक गुडघा फळीवर टेकवला, दोन्ही तळवे त्या जागेवर ठेवले. थोडा वेळ तसेच थांबले. मग दाबलं.

आवाज झाला. ओल्या काटकीचा होतो तसा, मोठा नाही. अक्का ओरडली नाही. "आई" एवढंच म्हणाली, आणि तेही सावकाश.

गाडीत तिला बरं वाटत होतं. म्हणजे ती तसं म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बघ, म्हणून. मी जळगावला परतले आणि आईला सांगितलं की अक्काचं हाड बसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काला उठताच येईना. कमरेखाली काही नव्हतंच जणू. अंथरूण ओलं झालं होतं आणि तिला ते समजलं नव्हतं. ही हकिकत मला भाऊजींनी सांगितली. ते निरोप घेऊन स्वतः आले होते, आणि आमच्या दारात उभं राहून ते रडले. जळगावला न्यायचं नाही, असं त्या वेळीही घरात ठरलं होतं. जळगावात ओळखीचे फार. धुळ्याला नेणार होते. केळीच्या ट्रकमध्ये खाली पाचट पसरून त्यावर गादी टाकली होती, तिच्यावर अक्का. ट्रक आमच्या घरासमोर थांबला, मी आणि आई मागं चढलो, आणि भर दुपारी आम्ही धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, प्रत्येक खड्ड्याला आई अक्काच्या पाठीखाली आपले दोन्ही हात घालायची. अक्का म्हणाली, "राहू दे आई, मला कळत नाहीये."

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो निघाला. जो चार महिन्यांपूर्वी निघायला हवा होता तो. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून आम्हाला दाखवला. दोन मणके कडेनं कुरतडल्यासारखे झाले होते आणि एक आत दबला होता. मणक्याचा क्षय. आत पू साचलाय, मज्जारज्जूवर दाब आलाय.

"कुणी दाबली पाठ?" त्यांनी विचारलं.

"हाडवैद्यानं," सासूबाई म्हणाल्या. त्या मागून एसटीनं आल्या होत्या. "त्यानंच माझ्या सुनेची पाठ मोडली."

डॉक्टर हाडवैद्यांबद्दल बरंच बोलले. असल्या लोकांना तुरुंगात टाकलं पाहिजे म्हणाले. आम्ही सगळे माना हलवत ऐकत होतो. मग त्यांनी अक्काला विचारलं, "ताप यायचा का?"

"यायचा," अक्का म्हणाली. "आठ-नऊ महिने, रोज संध्याकाळी."

"मग त्याला सांगितलं नाहीत?"

 डॉक्टरांनी आमच्या एकेकाकडे पाहिलं आणि मग ते कागदावर लिहायला लागले.

अक्का धुळ्याला सात महिने होती. पाठीच्या मापाचा प्लास्टरचा साचा करून तिला त्यात निजवली होती. रोज सुई, मूठभर गोळ्या. आई तिच्याजवळ राहिली, मी दर शनिवारी जायचे. पाठीला जखमा झाल्या, भरल्या, पुन्हा झाल्या. त्याच काळात एदलाबादचं लग्न झालं. थाटात झालं म्हणे. पत्रिका आम्हाला आली होती, हळदीकुंकू लावलेली. वडिलांनी ती फाडली नाही. कपाटात ठेवून दिली.

पाय थोडे परत आले. डावा जास्त, उजवा कमी. ती काठी घेऊन चालायला लागली, पाठीला कुबड राहिलं. डॉक्टर म्हणाले, आता हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, मुलांना जवळ घेऊ दे. त्यांनी तसं लिहूनही दिलं. तो कागद घेऊन वडील यावलला गेले. तिथं त्यांना चहा दिला, कागद वाचला, आणि सांगितलं, अजून काही दिवस माहेरीच राहू द्या, हवापालट होईल. भाऊजी दोन-तीन महिन्यांनी यायचे, केळीची फणी ठेवायचे, मुलांची खुशाली सांगायचे. मग येणं विरळ झालं. मग कळलं की घर चालवायला दुसरी आणली. मुलं तिकडेच राहिली. मुलगी अक्काला ओळखतसुद्धा नव्हती.

असं वर्षभर गेलं असेल. एके दिवशी सकाळी आमच्या दारात नाना उभे. तेच धोतर, तीच बंडी, हातात पिशवी. अक्काच्या सासरच्यांनी गावोगाव सांगितलं होतं की त्यांनी सुनेची पाठ मोडली. त्यांच्या अंगणातली गर्दी ओसरली होती. पत्ता शोधत ते एसटीनं आले होते.

वडिलांनी त्यांना आत घेतलं नाही. अक्कानंच आतून विचारलं, "कोण आहे?" आणि काठी टेकत बाहेर आली. तिची पाठ पाहून नाना ओसरीच्या पायरीवरच बसले.

"मी इचारं व्हतं ना, बेटी?" ते म्हणाले. "दोन डाव इचारं व्हतं."

"हो नाना," अक्का म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं. आम्ही खोटं बोललो. सगळे."

मला वाटलं होतं, एवढं ऐकायलाच ते आले असतील आणि आता हलके होऊन उठतील. ते उठले नाहीत. हातातली पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "माले बी शंका उनी व्हती. बोटखाले हाड येगयंच लागनं. पन आंगनमा एवढा लोके बठेल व्हतात. नही कसं म्हनू?" बोटांखाली हाड वेगळंच लागलं होतं, पण भरल्या अंगणात त्यांना नाही म्हणवलं नव्हतं. त्यांनी आपले हात मांडीवर उलटे ठेवले. "दोन मानसं परत धाडात. तिसरी बी धाडू तं लोके काय म्हनतीन? म्हनीसन दाबं."

 तिनं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. जाताना एवढंच सांगितलं की आता मी पाठीला हात लावत नाही, फक्त हात-पाय बसवतो. वडील दारातूनच म्हणाले, "मोठे उपकार झाले." नानांनी ऐकलं असेल की नाही, कुणास ठाऊक. वडिलांच्या तोंडून ते शोभलं नाही, हे मला तेव्हाही वाटलं. आई आत भांडी आपटत होती.

सत्तरनंतर मला धुळ्याला शाळेत नोकरी लागली. वडील वारले, आई थकली, तेव्हा मी अक्काला धुळ्याला घेऊन आले. ती एका शिंप्याकडचं काज-बटणाचं काम घरी बसून करायची. तिचं काज इतकं सुबक की शिंपी ते गिऱ्हाइकांना दाखवायचा. मी लग्न केलं नाही. लोकांना वाटायचं अक्कामुळे. ते खरं नव्हतं, पण मी कधी खोडून काढलं नाही; त्या समजुतीत मी बरी दिसायचे.

एका वर्षी परीक्षांच्या दिवसांत माझीच पाठ धरली. वह्या तपासताना बसवेना. मी आता शिकलेली, पगारदार बाई. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि त्यांनी विचारायच्या आतच सगळं सांगून मोकळी झाले. ताप नाही, वजन तेवढंच, पायाला मुंग्या नाहीत, बहिणीला मणक्याचा क्षय होता, मी तिच्यासोबत राहते, फोटो काढा. डॉक्टर हसले. फोटोत काही निघालं नाही. पाठ वह्यांनीच धरली होती.

घरी येऊन मी हे अक्काला रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी अजून तोंड उघडलं नव्हतं तर मी कुंडली मांडून मोकळी, म्हणून. ती काज करत होती. सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्वतःच्या वेळेला बोलता आलं गं तुला."

रागानं नाही म्हणाली. तेवढं म्हणून दोरा दातानं तोडला आणि दुसरा सदरा हातात घेतला. मी पाठीला शेक घ्यायला पाणी तापत ठेवलं होतं. ते उकळून उकळून आटलं, तरी मी तिथंच उभी होते. त्यानंतर तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, दोघींनी एकमेकींची आजारपणं काढली. तिनं तो विषय परत काढला नाही. मला काढायचा होता. काढला नाही.